तळटीप : ग्रहण आणि दुभंगलेला ओठ

१. ग्रहणात विळी धरली म्हणून पोराचा ओठ फाटला, ही समजूत देवगाव रंगारीसारख्या गावांत आजही पोटुशी बाईला घाबरवते. प्रत्यक्षात जबडा आणि चेहरा प्रामुख्याने घडतो तो गर्भाच्या डोक्याकडून खाली सरकणाऱ्या मज्जाशिखा-पेशींपासून. त्यांतून वरचा जबडा व्हायचा की खालचा, हे जनुके ठरवतात. याचा लख्ख पुरावा २००२ साली उंदरांच्या गर्भांत मिळाला. डीएलएक्स-५ आणि डीएलएक्स-६ ही जोडजनुके काढून टाकताच खालचा जबडा चक्क वरच्यासारखा घडला, त्यावर मिशांचे केसही उगवले! त्याआधी १९९४ मध्ये जपानी संशोधकांच्या उंदरांत एंडोथेलिन-१ नसल्याने खालचा जबडा नीट घडलाच नव्हता. एंडोथेलिन हा पेशींना मिळणारा निरोप, आणि डीएलएक्स त्या निरोपाने जागी होणारी जनुके. तसेच माणसांत दुभंगलेल्या ओठाशी आयआरएफ-६ सारखी जनुके निगडित आहेत. ओठ सांधला जातो तो सातव्या आठवड्याच्या सुमारास. तेव्हा दिवस गेल्याची खात्रीही अनेकींना नसते. विळीचा यात काडीचाही संबंध नाही. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तिसऱ्या महिन्यापासून करता येते. बाळाला वेळेवर डॉक्टरांकडे न्यावे, आईला बोल लावू नये.