मोठ्याने वाचा, मग सांगा

नीट विचार करता यावा म्हणून मी कोणतं टूल वापरतो, हे आज सांगणार आहे. नोट्सचं ॲप, टायमर वगैरे फोनमध्ये आहेतच. पण माझं सगळ्यात आवडतं टूल दीडशे वर्षांपूर्वीचं आहे, आणि त्याची गोष्ट आपल्या नाशिकवरून जाते.

१८७३ साली महादेव गोविंद रानडे यांचं दुसरं लग्न झालं. ते ३१ वर्षांचे, रमाबाई ११ वर्षांच्या. विधवाविवाहाची बाजू घेणारा माणूस वडिलांच्या आग्रहापुढे नमला, म्हणून लोकांनी टीका केली. ती रास्तच होती. रमाबाईंना तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हतं. रानड्यांनी स्वतः शिकवायला घेतलं. पुढे इंग्रजी सुरू झालं, तशी घरातल्या वडीलधाऱ्या बायकांची बोलणी सुरू झाली. त्या काळी बाईने वाचणं म्हणजे घरातच रोज लढाई.

त्यांची एक सवय मला फार आवडते. रमाबाईंनी वर्तमानपत्रं वाचायची, आणि मग त्यातल्या घडामोडींवर दोघांनी बोलायचं. म्हणजे नुसतं वाचून सुटका नाही. काय समजलं, ते स्वतःच्या शब्दांत मांडायला लागायचं.

१८७८ मध्ये रानड्यांची बदली नाशिकला झाली. गावात सार्वजनिक वाचनालय आधीपासून होतं, १८४० सालचं. मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ ची, म्हणजे आपलं वाचनालय तिच्याहून १३ वर्षांनी मोठं! याच नाशिकमध्ये रमाबाई पहिल्यांदा चारचौघांत भाषणाला उभ्या राहिल्या. भाषण मात्र रानड्यांनी लिहून दिलं होतं.

आता थेट १९१० मध्ये या. रानडे जाऊन नऊ वर्षं झालीत. पुण्यात सेवासदन उभं राहिलंय, रमाबाई ते चालवतायत. आणि त्यांचं स्वतःचं पुस्तक येतं, 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'. दुसऱ्याने लिहिलेले शब्द वाचणारी मुलगी आता नवऱ्याचीही गोष्ट आपल्या शब्दांत सांगतेय. मधल्या ३२ वर्षांत कष्ट होते, जिद्द होती. पण वाचलेलं बोलून दाखवायची ती सवयसुद्धा त्यात आहे, असं मला वाटतं.

आम्हा कोडवाल्यांकडे हीच युक्ती वेगळ्या नावाने चालते: रबर डक डीबगिंग. कोड अडला की टेबलावरच्या रबरी बदकाला एकेक ओळ समजावून सांगायची. सांगता सांगता चूक आपोआप सापडते. कारण मनात 'समजलं' म्हणणं सोपं असतं, तोंडाने सांगताना भोकं दिसतात.

म्हणून माझा नियम साधा आहे. दिवसातून एकच लेख, मोठ्याने वाचायचा. फोन दुसऱ्या खोलीत. मग घरात जो सापडेल त्याला तीन वाक्यांत सांगायचा. समोरच्याने "म्हणजे काय?" विचारलं आणि मी अडखळलो, तर परत वाचायचा.

आपण दिवसभर स्क्रोल करतो ते सगळं दुसऱ्यांनी लिहून दिलेलं भाषण आहे. त्यातलं आपलं किती? हा भाग संपला की कानातले इअरफोन काढा, आणि यातलं काय पटलं, काय नाही, ते कुणाला तरी सांगून बघा. भेटू पुढच्या भागात!