काळा रंग आणि त्याचे शेजारी

काळ्याचा प्रश्न आपण पॅरिसच्या गोबलँ कारखान्यापासून घेऊ. तिथे भिंतीवर टांगायची चित्रं विणली जात. १८२४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ शेव्रल तिथल्या रंगाई विभागाचे प्रमुख झाले. तक्रार आली : काळं सूत फिकं दिसतं. त्यांनी तपासलं, तर काळ्या रंगाईत खोट नव्हती. निळ्या-जांभळ्या छटांशेजारी तेच सूत फिकं वाटत होतं. या परस्परविरोधाच्या नियमावर १८३९ मध्ये त्यांनी ग्रंथच काढला.

आता बोटभर उंचीचे सैनिक रंगवणारे बघा. त्यांतले कित्येक काळ्या रंगाची डबी उघडतच नाहीत. गडद निळ्यात गडद तपकिरी मिसळतात. निळसर छटा कापडाला, तपकिरी चामड्याला. का? शुद्ध काळा आधीच लावला, तर सावलीसाठी त्याहून गडद काही उरत नाही, घड्या बुडतात. मिश्रणावर राखाडी कडा ओढल्या, की डोळा आपणहून म्हणतो, काळा!

म्हणजे काळेपण एकट्या रंगात नसतं, शेजारातही असतं. शेव्रल यांनी शेजार पाहिला नसता, तर ठपका बिचाऱ्या रंगाऱ्यांवर आला असता. दोष ठरवताना आपण शेजार पाहतो का, एवढंच विचारायचं.