तक्रार कुठे करायची?

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला भोपाळ आम्हाला दोन मार्कांना होतं. तारीख, कंपनी आणि वायूचं नाव. ‘मिथाइल आयसोसायनेट’चं स्पेलिंग बरोबर आलं की मार्क पक्के. मी ते पाठ केलं, पेपरात लिहिलं आणि विसरून गेलो.

नोकरी लागल्यावर एकदा एका अ‍ॅपच्या ‘आय अ‍ॅग्री’ बटणामागचा मजकूर बसवायचं काम माझ्याकडे आलं. आपण सगळे न वाचता दाबतो तेच हे बटण. शेवटाकडे एक ओळ होती: वाद झाल्यास तो फक्त अमुक शहरातल्या न्यायालयात चालेल. अ‍ॅप वापरणारे भारतातले आणि ते शहर अमेरिकेतलं. अशा एका ओळीची किंमत किती असू शकते, हे मला पुढे उपेंद्र बक्षी वाचताना कळलं.

बक्षी मूळचे राजकोटचे, मुंबई विद्यापीठात कायदा शिकलेले प्राध्यापक. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन पोलिसांना निर्दोष सोडलं, तेव्हा १९७९ साली वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार यांच्यासोबत त्यांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. त्यातून देशभर आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ साली कायदा बदलला. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या बाजूने निकाल वाचायचा, ही त्यांची सवय भोपाळच्या अभ्यासातही दिसते.

२ आणि ३ डिसेंबर १९८४च्या मधल्या रात्री काय झालं ते आपल्याला माहीत असतं. त्यानंतर कोर्टात काय झालं ते नसतं. १९८५ साली सरकारने कायदा करून सगळ्या पीडितांच्या वतीने लढण्याचा हक्क स्वतःकडे घेतला आणि युनियन कार्बाइडवर थेट न्यूयॉर्कमध्ये दावा लावला. भोपाळचा कारखाना चालवणाऱ्या भारतीय उपकंपनीत अमेरिकन कंपनीचे ५०.९ टक्के शेअर होते. कार्बाइडचं म्हणणं, ती उपकंपनी वेगळी, आमचा संबंध नाही. भारताचं म्हणणं, नफा आणि नियंत्रण एकाच हातात असेल तर जबाबदारीही एकाच हातात हवी.

पण त्याआधी वेगळाच वाद रंगला: खटला चालवायचा कुठे? भारत सरकार अमेरिकन न्यायाधीशाला सांगत होतं की एवढा मोठा खटला आमच्या कोर्टांना पेलणार नाही. भारतीय कायद्याचे अमेरिकन अभ्यासक मार्क गॅलँटर यांचं प्रतिज्ञापत्र भारताच्या बाजूने होतं. उलट कार्बाइडच्या बाजूने मुंबईचे नामवंत वकील नानी पालखीवाला सांगत होते की भारतीय न्यायव्यवस्था पूर्ण सक्षम आहे! मे १९८६ मध्ये न्यायाधीश जॉन कीनन यांनी दुसरं म्हणणं मान्य केलं आणि खटला भारतात पाठवला.

त्याच वर्षी बक्षींनी या खटल्याची कागदपत्रं संपादित करून पुस्तक काढलं. मुंबईच्या एन. एम. त्रिपाठींनी ते छापलं. नाव, ‘इनकन्व्हिनिअंट फोरम अँड कन्व्हिनिअंट कटॅस्ट्रफी’. म्हणजे कोर्ट गैरसोयीचं, आपत्ती मात्र सोयीची. गैरसोय कोणाची आणि सोय कोणाची, हा सगळा प्रश्न त्या शीर्षकातच आहे. कारखाना, तंत्रज्ञान, भांडवल आणि नफा सहज सीमा ओलांडतात. पीडित माणूस ओलांडायला गेला की त्याला सांगतात, हे तुझं कोर्ट नव्हे.

भारतात तरी काय झालं? डिसेंबर १९८६ मध्ये, दिल्लीतल्या श्रीराम कारखान्याच्या वायुगळतीवरून, सर्वोच्च न्यायालयाने मोठं तत्त्व मांडलं. धोकादायक उद्योगाने अपघाताची पूर्ण जबाबदारी घ्यायची, सबबी चालणार नाहीत, आणि कंपनी जितकी मोठी तितकी भरपाई मोठी. भोपाळला मात्र ते लागू झालंच नाही. जिल्हा न्यायालयाने ३५० कोटी रुपयांची अंतरिम भरपाई द्यायला सांगितली, उच्च न्यायालयाने ती २५० कोटींवर आणली, कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. तिथे फेब्रुवारी १९८९ मध्ये, कोणाची चूक हे न ठरवताच, ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. सरकारची मूळ मागणी ३३० कोटी डॉलरची होती. ज्यांच्यासाठी खटला होता त्यांना कोणी विचारलं नाही. बहुतेक जखमींच्या वाट्याला सुरुवातीला २५,००० रुपये आले.

आणि भारतीय कोर्टांची एवढी तारीफ करणारी कंपनी फौजदारी खटल्यात भोपाळच्या कोर्टासमोर उभी राहिलीच नाही. १९९२ साली कोर्टाने तिला फरार घोषित केलं.

बक्षींनी पुढे यावर बरंच लिहिलं. २००२च्या ‘द फ्यूचर ऑफ ह्यूमन राइट्स’मध्ये ते इशारा देतात की सोसणाऱ्या माणसांनी लढून मिळवलेली हक्कांची भाषा आता बाजार आणि कंपन्या स्वतःसाठी वापरू लागल्या आहेत. २०११ साली संयुक्त राष्ट्रांनी कंपन्या आणि मानवी हक्कांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. कंपन्यांनी हक्कांचा आदर करावा, असं ती सांगतात. चांगलं आहे, पण ती बंधनकारक नाहीत. मार्च २०२३ मध्ये भोपाळसाठी वाढीव भरपाईची केंद्राची याचिकाही सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. प्रश्न जिथे होता तिथेच आहे.

आमच्या पेपरात वायूचं नाव विचारलं होतं. तक्रार कुठे करायची, हे विचारलं असतं तर वर्गातल्या कोणालाच उत्तर आलं नसतं. त्यातलेच आम्ही आज जगभर वापरली जाणारी अ‍ॅप्स बनवतो.

ती ओळ मी बसवली. शुक्रवारी रिलीज होतं. कोणी काही विचारलं नाही, आणि मीही नाही.