शब्दवेध : पूर

पंचमहाभूतांपैकी ‘आप’ म्हणजे पाणी. ते कोपले की आपण म्हणतो, पूर आला. या शब्दाच्या मुळाशी नाशाचा अर्थ नाही. संस्कृत ‘पॄ’ धातू म्हणजे भरणे. त्यातूनच पूर्ण, पूर्ती आणि पुरेसा आले. पोळीत भरायचे ते पुरण, आणि खड्ड्यात घालून माती लोटणे म्हणजे पुरणे. कोल्हापूर, पंढरपूर यांतला ‘पूर’ मात्र वेगळा. तो ‘पुर’ म्हणजे नगर.

कोल्हापुरात पंचगंगा किती भरली, हे राजाराम बंधाऱ्यावर फुटांत मोजतात: 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेले आणि घरेच्या घरे बुडाली.

नदी भरते ती आपल्या पात्रात आणि काठच्या पूरक्षेत्रात. तिथे आपण भराव टाकतो, इमारती उभ्या करतो. मग पाणी वस्तीत शिरणारच. शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल रेषा नकाशावर आखलेली असते. बांधकामाला परवानगी देताना ती काटेकोरपणे पाळली, तर पुष्कळ संसार वाचतील. पाण्याला भरायला जागा ठेवणे आपल्याच हिताचे आहे.