जुळणीचा संगणक आणि अक्षरांचे कुलूप : मराठीतील सर्जनशील कामाच्या साधनांचा एक मागोवा

प्रस्तावना

पुणे–नगर रस्त्यावरील वाघोली इतिहासाच्या अभ्यासकाला आठवते ती शाहूकालीन सरदार पिलाजीराव जाधवराव यांच्या समाधीमुळे. त्यानंतरच्या काळात दगडाच्या खाणींनी आणि अलीकडे बहुमजली वसाहतींनी या गावाचे रूप पालटले. ३० जून २०२१ रोजी पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत जी तेवीस गावे समाविष्ट झाली, त्यांत वाघोलीही होती. गाव शहरात विरघळत असताना येथील वृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित व चित्रित करून ठेवाव्यात, या हेतूने प्रस्तुत लेखिकेने सुटे भाग आणून एक डेस्कटॉप संगणक जुळवून घेतला. त्या जुळणीच्या वेळी आलेल्या एका अनुभवातून प्रस्तुत लेखाचा विषय सुचला.

ग्रंथाची मांडणी, छायाचित्र, ध्वनी व चलच्चित्र यांचे संकलन अशा कामांसाठी सुटे भाग निवडून उभारलेल्या संगणकाकडे आपण सहसा काटकसरीचा एक मार्ग म्हणून पाहतो. त्याला स्वतःचा इतिहास आहे, याची दखल फारशी घेतली जात नाही. हा इतिहास मराठीच्या संदर्भात तपासणे आणि साधनाचा खुलेपणा व त्यावर निर्माण होणाऱ्या मजकुराचा खुलेपणा यांतील फरक स्पष्ट करणे, ही या लेखाची दोन उद्दिष्टे आहेत.

जुळणीची पूर्वपीठिका

तयार साधन मिळत नाही किंवा परवडत नाही, म्हणून ते स्वतः घडवायचे, ही परंपरा महाराष्ट्रात संगणकापेक्षा पुष्कळ जुनी आहे. जावजी दादाजी यांनी मुंबईत १८६९ साली निर्णयसागर छापखाना उभारला, त्याआधीच त्यांनी स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला होता. देवनागरी अक्षराचे वळण आपल्या हाती असल्याशिवाय ग्रंथाचे रूप आपल्या हाती येत नाही, हे त्यांनी ओळखले होते. कोल्हापुरात आनंदराव व बाबूराव पेंटर या बंधूंनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः तयार करण्याचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाल्यानंतर बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने ते काम तडीस नेले. १९२० मध्ये प्रदर्शित झालेला ‘सैरंध्री’ हा महाराष्ट्र फिल्म कंपनीचा चित्रपट या खटपटीचे फळ होय. हेच दामले पुढे ‘प्रभात’च्या संस्थापकांपैकी एक झाले आणि १९३३ मध्ये ती कंपनी पुण्यात आली.

संगणकाच्या क्षेत्रातही आरंभ याच मार्गाने झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली घडवलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये पूर्णत्वाने कार्यान्वित झाला. त्याची स्मृती अवघ्या २,०४८ शब्दांची होती. येथे ‘शब्द’ ही यंत्राची संज्ञा असून असा एक शब्द चाळीस अंकचिन्हांचा असे. टाइपाचा साचा, कॅमेरा आणि गणकयंत्र या तीन उदाहरणांत एक समान सूत्र आढळते. साधन उघडून पाहण्याचे आणि जोडण्याचे ज्ञान ज्याच्याकडे असते, त्याला आपल्या गरजेनुसार ते बदलता येते.

खुले यंत्र

आज आपण ज्याला ‘असेम्बल्ड’ म्हणतो त्या संगणकाचा उगम मात्र अमेरिकेत शोधावा लागतो. आयबीएम कंपनीने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. इंटेलचा ८०८८ हा प्रक्रियक, बाजारात सहज उपलब्ध असलेले भाग आणि जादा कार्डे बसवण्यासाठी पाच स्लॉट अशी त्याची रचना होती. महत्त्वाची गोष्ट अशी, की कंपनीने यंत्राच्या विद्युतमंडलांचे आराखडे तांत्रिक पुस्तिकेत प्रसिद्ध केले. परिणामी इतरांना या यंत्राला जुळणारी कार्डे बनवता आली. १९८२ च्या अखेरीस ‘कॉम्पॅक’ने सुसंगत यंत्रच जाहीर केले आणि पुढे अशा यंत्रांची रीघ लागली. १९९५ मध्ये इंटेलने मांडलेल्या ‘एटीएक्स’ या मानकाने मदरबोर्डाची मापे व स्क्रूंच्या जागा ठरवून दिल्या. एका कारखान्याचा बोर्ड दुसऱ्याच्या पेटीत बसतो, याचे श्रेय प्रामुख्याने या मानकाला द्यावे लागते.

आयबीएमने १९७८ मध्येच भारतातील आपला व्यवसाय गुंडाळला होता. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीचे निर्बंध सैल केले. पुढे १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञानविषयक आंतरराष्ट्रीय करारात सहभागी झाला आणि त्यानुसार २००५ पर्यंत संगणकाच्या बहुतांश भागांवरील आयातशुल्क शून्यावर आले. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्यातील बुधवार पेठेची तपकीर गल्ली येथील दुकानांतून सुटे भाग मिळू लागले. भाग निवडून, स्क्रू आवळून, संगणक प्रणाली घालून यंत्र घरपोच देणारा तरुण हा त्या काळातील एक नवा कारागीर होता. त्याच्या हातची यंत्रे हजारो कार्यालयांत पोहोचली. आपल्या डेड स्टॉक रजिस्टरमध्ये मात्र ‘संगणक – १ नग’ एवढीच नोंद राहिली.

पुणे आणि देवनागरी संगणक

याच सुमारास पुण्याने या इतिहासात स्वतःची भर घातली. १९८८ मध्ये येथे प्रगत संगणन विकास केंद्राची, म्हणजे सी-डॅकची स्थापना झाली. अतिप्रगत महासंगणक अमेरिकेकडून मिळण्यात अडचणी येत असताना डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ सिद्ध झाला. त्यातील प्रक्रियक ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे होते. ते अनेक प्रक्रियक एकाच कामाला कसे जुंपायचे, हे ज्ञान मात्र येथे निर्माण झाले. जुळणी म्हणजे केवळ स्क्रू आवळणे नव्हे, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

मराठी लिहिणाऱ्याच्या दृष्टीने त्याहून जवळची घटना म्हणजे ‘जिस्ट’ कार्ड. आयआयटी कानपूर येथे विकसित झालेले हे तंत्रज्ञान सी-डॅकमार्फत पुण्यातून पुढे गेले. संगणकाच्या मोकळ्या स्लॉटमध्ये हे कार्ड बसवले, की मुळात इंग्रजीपुरते बनवलेल्या डॉस प्रणालीत भारतीय लिप्या उमटत. म्हणजे न्यूयॉर्कच्या कंपनीने मोकळी सोडलेली जागा देवनागरीने भरून काढली. १९८६ मध्ये इनस्क्रिप्ट कळपाटाची मांडणी ठरली आणि १९९१ मध्ये ‘इस्की’ ही भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली.

मुद्रणाच्या क्षेत्रात १९८५ मध्ये आलेल्या ‘पेजमेकर’ने आणि लेझर प्रिंटरने क्रांती केली. पुण्यातील मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’, सी-डॅकची ‘आयएसएम’ अशा प्रणालींमुळे अक्षरजुळणीचे काम शिशाच्या खिळ्यांकडून संगणकाकडे आले. गल्लीबोळांत डीटीपीची दुकाने उघडली. गौरवग्रंथ, दिवाळी अंक, महाविद्यालयीन वार्षिके, लघुप्रबंध हे सारे या जुळणीच्या यंत्रांवर सिद्ध होऊ लागले. मराठी प्रकाशनव्यवहार व्यक्तिगत आवाक्यात आणण्याचे श्रेय या स्वस्त यंत्रांना निःसंशय दिले पाहिजे.

अक्षरांचे कुलूप

तथापि या चित्राला दुसरी बाजू आहे. त्या काळातील मुद्रणफाँटमध्ये एका संचात जास्तीत जास्त २५६ चिन्हांची सोय असे. देवनागरीतील अर्धाक्षरे, जोडाक्षरे, मात्रा व रफार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवून काम भागवले जाई. कोणते चिन्ह कोणत्या जागी ठेवायचे, हे प्रत्येक उत्पादक स्वतंत्रपणे ठरवी. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर मराठी नव्हताच. इंग्रजी चिन्हांच्या ओळीला फाँट मराठीचा मुखवटा चढवत असे. फाँट काढून घेतला, की मागे अर्थहीन चिन्हे उरत. अनेक प्रणाली हार्डवेअर-लॉक जोडल्याशिवाय चालत नसत, ही अडचण वेगळीच.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हाच तिच्यात देवनागरीला स्वतंत्र स्थान मिळाले होते. विंडोज २००० मध्ये र. कृ. जोशी यांनी घडवलेल्या ‘मंगल’ फाँटसह ती सोय सामान्य वापरकर्त्यापर्यंत आली. परंतु मुद्रणव्यवसाय जुन्या फाँटवर दीर्घकाळ स्थिर राहिला. यंत्राचा प्रत्येक भाग बदलता येण्याजोगा होता. त्यावर लिहिलेले अक्षर मात्र एका फाँटला बांधलेले होते.

वाघोलीतील जुळणी : एक अनुभव

महाविद्यालयीन खरेदीत जुळणीच्या संगणकाची अडचण कागदोपत्री असते. तयार यंत्राला तीन दरपत्रके पुरतात, तर येथे भागागणिक दर, देयक आणि हमीचा काळ वेगवेगळा. त्यामुळे प्रस्तुत लेखिकेने हे यंत्र स्वखर्चाने उभारले. भागांची निवड कामावरून ठरवली. २४ बिटांचे, ४८ किलोहर्ट्झचे स्टिरिओ ध्वनिमुद्रण तासाला सुमारे एक जीबी जागा घेते. जुन्या ‘पाल’ पद्धतीच्या चित्रणातील एक रंगीत चौकट विनासंक्षेप सव्वा एमबीची असे. आजच्या ‘फोर-के’ चित्रणातील चौकट सुमारे २५ एमबीची असून सेकंदाला २५ चौकटी धरल्यास ६२२ एमबीचा ओघ यंत्राला सांभाळावा लागतो. म्हणून आठ कोअरचा प्रक्रियक, ३२ जीबी मेमरी, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड आणि चालू कामासाठी एसएसडी घेतली. मुलाखतींच्या जतनासाठी दोन हार्ड डिस्क बसवल्या आणि एकीवरील सर्व काही दुसरीवर आपोआप उतरेल अशी व्यवस्था केली. शिवाय एक प्रत घराबाहेर ठेवली. यंत्राची चकचकीत पेटी टाळून धूळ अडवणाऱ्या, धुता येणाऱ्या जाळ्यांची पेटी निवडली. खाणी आणि बांधकामे यांच्या या परिसरात तो खर्च अनाठायी नाही.

यंत्र सुरू झाल्यावर घरातील जुन्या, २००४ मध्ये जुळवलेल्या संगणकाची हार्ड डिस्क त्याला जोडून पाहिली. प्रस्तुत लेखिकेने २०१२ मध्ये एम.फिल.साठी वाघोली परिसरातील खाणकामगारांच्या स्थलांतरावर लघुप्रबंध लिहिला होता, तो याच डिस्कवर. नव्या मदरबोर्डावर जुन्या रुंद पट्टीची जोडणी नव्हती, परंतु काही शे रुपयांच्या अडॅप्टरने काम भागले. डिस्क फिरू लागली आणि सर्व फाइली जागच्या जागी दिसल्या. उघडल्या तेव्हा मात्र एकही मराठी अक्षर नव्हते. रोमन अक्षरे, कंस आणि टिंबे यांचा नुसता खच.

लघुप्रबंधाची बांधीव प्रत कपाटात आहे. त्या डिस्कवर अकरा मुलाखतींचे संपूर्ण लेखन होते, ते पृष्ठमर्यादेमुळे छापील प्रतीत घेता आले नव्हते. ध्वनिफिती त्या वेळी पुन्हा वापरल्या गेल्या. ज्यांच्याशी बोलले, त्यांतील तिघे आज हयात नाहीत. एम.फिल. ही पदवीही २०२२ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी बंद झाली. पदवी गेल्याचे दुःख नाही, पण त्या तिघांचे शब्द जाणे परवडणारे नव्हते.

पुण्यातील एका डीटीपी व्यावसायिकाकडे तोच फाँट मिळाला आणि दहा मुलाखती रूपांतरित करता आल्या. रूपांतरही यांत्रिक नसते. जुन्या फाँटमध्ये अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. त्यामुळे पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर येतो. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम पाळला जातो. ‘वर्षी’, ‘कर्ज’ असे शब्द हाताने दुरुस्त करण्यात एक उन्हाळी सुटी गेली.

अकरावी मुलाखत खाणीत खडी फोडणाऱ्या एका वृद्ध बाईंची आहे. ती दुसऱ्या कोठेतरी टंकलिखित करून घेतली होती आणि तिचा फाँट आजवर ओळखता आलेला नाही. मोडी शिकताना लागतो तसा चिन्हागणिक कोश तयार करणे, हाच मार्ग उरला. ओळीच्या अखेरीस वारंवार येणारे चिन्हसमूह ‘आहे’ आणि ‘होते’ असावेत, या तर्कावर आरंभ केला. आतापर्यंत निम्मा मजकूर लागला आहे. पुणे पुराभिलेखागारातील मोडी दप्तरे वाचणारे थोडे असले, तरी ती लिपी शिकवणारे वर्ग आहेत. अवघ्या दहा-बारा वर्षांपूर्वीच्या मराठी मजकुरासाठी तसा वर्ग कोठेच नाही.

निष्कर्ष

१) जुळणीचा संगणक हा मराठी टाइप आणि स्वदेशी कॅमेरा यांच्या परंपरेत बसणारा कारागिरीचा प्रकार आहे आणि स्थानिक इतिहासलेखनात त्याची नोंद झाली पाहिजे.

२) साधन खुले असले म्हणून त्यावरील दस्तऐवज खुला राहतोच असे नाही. मराठीत यंत्राचे खुलेपण आधी आले आणि अक्षराचे खुलेपण बरेच उशिरा रुळले. मधल्या काळातील मजकुराचे वाचन आज धोक्यात आहे.

३) महाविद्यालयांच्या कपाटांतील जुन्या डिस्क व सीडी भंगारात काढण्यापूर्वी त्यांवरील मराठी मजकूर, वापरलेल्या फाँटच्या नावासह, युनिकोडमध्ये आणणे निकडीचे आहे. हे काम करू शकणारे डीटीपी व्यावसायिक आज आपल्यात आहेत, तोवरच ते सुकर आहे.

नव्या यंत्राची पेटी चार स्क्रू काढले की उघडते. आत कोणता भाग कोणी व केव्हा बसवला, याचा कागद प्रस्तुत लेखिकेने झाकणाच्या आतील बाजूस चिकटवून ठेवला आहे. त्याच कागदावर मजकूर कोणत्या संकेतप्रणालीत साठवला आहे, हेही लिहिले आहे. पुढील अभ्यासकाला अकराव्या मुलाखतीसारखा प्रसंग येऊ नये, एवढीच त्यामागची अपेक्षा.