अल-किंदी : फैलसूफ आणि नजूमी

अरब तत्त्वज्ञानाचा इतिहास ज्यांच्यापासून सुरू होतो त्या अबू यूसुफ याकूब इब्न इसहाक अल-किंदी यांचे नाव आपल्या वाचकांना अगदीच अपरिचित नाही. मुस्लिम शास्त्रज्ञांच्या याद्या आपण आवडीने छापतो, मुलांकडून पाठ करून घेतो. गणित, वैद्यक, प्रकाशशास्त्र, संगीत या विषयांपुढे तिथे किंदींचे नाव हमखास आढळते. मात्र नुजूमवर, म्हणजे फलज्योतिषावर, त्यांनी कितीतरी पुस्तिका लिहिल्या ही गोष्ट त्या याद्यांत नसते. आम्हांला वाटते, ती आपणच गाळतो. ज्याचा अभिमान बाळगायचा तो माणूस राशी आणि ग्रह मांडत होता, हे सांगायला संकोच होतो. पण ते पान फाडून टाकले तर किंदींचे तत्त्वज्ञानही धड कळत नाही.

किंदा हा अरबांचा जुना राजघराण्याचा कबिला. किंदींचे वडील कूफ्याचे सुभेदार होते. इ.स. 800 च्या सुमारास जन्मलेले किंदी पुढे बगदादेत आले आणि मामून (813–833) व मुअतसिम (833–842) या अब्बासी खलिफांच्या दरबारात मानाला चढले. मुअतसिमचा मुलगा अहमद याचे ते उस्ताद होते. ग्रीक ग्रंथांचा अरबी तर्जुमा करणारी मंडळी त्यांच्याभोवती जमली होती. उस्तात याने ॲरिस्टॉटलचा मेटाफिजिक्स हा ग्रंथ त्यांच्यासाठी अरबीत आणला. इब्न नाइमा अल-हिम्सी याच्या तर्जुम्यावर त्यांनी स्वतः हात फिरवला.

मुअतसिमला अर्पण केलेल्या ‘फिल्-फल्सफा अल-ऊला’ या ग्रंथात किंदी बजावतात की, सत्य दूरच्या, परक्या कौमेकडून आले तरी ते घेण्यात लाज वाटू नये. हे बोलायला त्या काळीही धैर्य लागत होते. परंतु घेतले ते त्यांनी डोळे मिटून घेतले नाही. विश्व अनादी आहे, हे ॲरिस्टॉटलचे मत त्यांनी साफ नाकारले. त्यांचा युक्तिवाद सोपा आहे. आजच्या दिवसाआधी अनंत काळ जायचा असता, तर तो कधी संपलाच नसता आणि आजचा दिवस उगवलाच नसता. म्हणून काळाला सुरुवात आहे, विश्वाला सुरुवात आहे, आणि ते शून्यातून घडवणारा एकच आहे. बाकी जगात ज्याला आपण ‘एक’ म्हणतो ते कुठल्या तरी अर्थाने अनेकच असते. खरा एक तोच. तौहीदला तर्काची भाषा देण्याचा हा आरंभीचा मोठा प्रयत्न होय.

आता नुजूम. सूरह रहमानमध्ये तारे आणि झाडे सजदा करतात असे म्हटले आहे. हा सजदा कसा समजावा, असे शहजादा अहमदने विचारले आणि किंदींनी उत्तरादाखल एक रिसाला लिहिला. ताऱ्यांना ना कपाळ ना गुडघे. तेव्हा इथे सजदा म्हणजे आज्ञापालन, असे ते सांगतात. आकाश अल्लाहच्या हुकमाने फिरते. त्या फिरण्याने खाली उष्णता आणि थंडी, ऋतू आणि पाऊस, उत्पत्ती आणि नाश घडतो. मूळ कारण अल्लाह, जवळचे कारण ग्रहगोल. ग्रह म्हणजे दैवते नव्हेत, ते चाकर आहेत. भरती-ओहोटीवरही त्यांचा स्वतंत्र रिसाला आहे. चंद्राच्या गतीने पाणी तापून फुगते असा त्यांचा तर्क होता. तो चुकला खरा, पण चंद्र आणि समुद्र यांचा संबंध आहे हे कोकणच्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही खलाशाला मान्य होईल.

चूक झाली ती पुढच्या पायरीवर. सूर्य ऋतू घडवतो, चंद्र भरती आणतो, मग बाकीचे ग्रह माणसाचे आणि राज्याचे नशीब का घडवणार नाहीत? ज्या शहरात किंदी राहत होते त्या बगदादचा पायाच मुळी खलिफा मन्सूरने 762 मध्ये नजूम्यांनी काढून दिलेल्या मुहूर्तावर घातला होता. अशा शहरात ही उडी कुणाला खटकण्यासारखी नव्हती. शनी आणि गुरू यांची युती दर वीस वर्षांनी होते. अलीकडची 21 डिसेंबर 2020 रोजी झाली. या युत्यांवरून राज्यांचे आयुष्य मोजण्याची इराणी पद्धत किंदींनी उचलली आणि अरबांचे राज्य 693 वर्षे टिकेल असे भाकीत केले.

या आकड्याला आणखी एक आधार होता, तो वाचकांना ओळखीचा वाटेल. बिस्मिल्लाहची बेरीज 786 ज्या अब्जद पद्धतीने येते, त्याच पद्धतीने कुरआनातील काही सूरहांच्या आरंभी येणाऱ्या सुट्या अक्षरांची बेरीज करायची. पुनरावृत्ती वगळली तर अशी चौदा अक्षरे उरतात. अलिफचा 1, लामचे 30, मीमचे 40 असे करत गेले की बरोबर 693 भरतात. कुणीही कागद घेऊन ताळा करून पाहावा. बेरीज बिनचूक आहे, राज्य मात्र तेवढे टिकले नाही. हिजरी 656 मध्ये, म्हणजे 1258 साली, हलाकूने बगदाद घेतले.

नुजूमला विरोध बाहेरून आला नाही. पैगंबर (स.) यांचे चिमुकले पुत्र इब्राहीम वारले त्या दिवशी ग्रहण लागले. लोक दोन्हींचा संबंध जोडू लागले, तेव्हा सूर्य-चंद्राला कुणाच्या जन्म-मृत्यूमुळे ग्रहण लागत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. पुढे इब्न सीना यांनी नुजूमच्या खंडनार्थ रिसाला लिहिला. इब्न खल्दून यांनी किंदींच्या 693 या आकड्याची नोंद घेतली आणि नजूम्यांच्या दाव्यांवर टीकेचे स्वतंत्र प्रकरण लिहिले. हे तिघेही आपलेच. वारसा सांगायचा तर किंदींसोबत हा वादही सांगायला हवा.

किंदींचे स्वतःचे नशीब ग्रहांपेक्षा दरबाराने जास्त घडवले. मुतवक्किलच्या काळात मुहम्मद आणि अहमद या बनू मूसा भावांनी खलिफाचे कान भरले. इब्न अबी उसैबिआ या तेराव्या शतकातील चरित्रकाराच्या सांगण्याप्रमाणे, किंदींना मार खावा लागला आणि त्यांचा सगळा ग्रंथसंग्रह भावांनी ताब्यात घेतला. पुढे याच भावांकडे कालवा खोदण्याचे काम आले. त्यांनी ते फरगानी या खगोलतज्ज्ञावर सोपवले आणि फरगानीने कालव्याचे तोंड पुढच्या भागापेक्षा खोल खणले. पाणी चढणार कसे? खलिफाने चौकशीला सनद इब्न अली यांना नेमले. भाऊ त्यांच्या पाया पडले. आधी किंदींची पुस्तके परत करा, मगच बोलू, असे सनद म्हणाले. पुस्तके परत आली. मग सनद यांनी युक्ती सांगितली : दजला नदीला पूर आहे, चार महिने चूक झाकली जाईल, आणि खलिफा तेवढा जगणार नाही असे नजूमी म्हणतात. दोनच महिन्यांत, 861 च्या डिसेंबरात, मुतवक्किलचा खून झाला. नजूम्यांचे खरे ठरले म्हणावे, तर तलवारी त्याच्याच तुर्क पहारेकऱ्यांच्या होत्या आणि कटाची कुजबुज दरबारात काही आकाशातून उतरली नव्हती.

किंदी इ.स. 870 च्या आसपास वारले. इब्न नदीमने आपल्या ‘फिहरिस्त’मध्ये त्यांच्या अडीचशेच्या घरात कृतींची नावे दिली आहेत; बहुतेक नष्ट झाल्या. युरोपने लॅटिन भाषांतरांतून त्यांचे वैद्यक, प्रकाशशास्त्र आणि नुजूम जपले. ग्रहांच्या किरणांवरचा एक ग्रंथ तर आज लॅटिनमध्येच मिळतो. तत्त्वज्ञानाचे बरेचसे रिसाले मात्र इस्तंबूलच्या एका हस्तलिखितात पडून होते. ते विसाव्या शतकात उजेडात आले आणि अबू रीदा यांनी 1950 ते 1953 या काळात कैरोहून छापले. ताऱ्यांच्या सजद्यावरचा रिसाला त्यातच आहे.