'शोभेल असा पोशाख' : अंगावरच्या कापडाचा इतिहास

कचेरीत बाईने 'शोभेल असा' पोशाख करावा, असे आपल्याकडे सहजपणे म्हटले जाते. शोभेल म्हणजे कोणाच्या डोळ्यांना, आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणी कोणाला दिला, हे मात्र कोणी विचारीत नाही. फॅशन हा रिकामटेकड्या बायकांचा विषय समजून आमच्या चळवळीतील पुरुषांनीही त्याकडे पाठ फिरविली आहे. चोळी, परकर, ज्याला आठवड्याच्या बाजारात 'बॉडी' म्हणतात ते आतले वस्त्र, हे शब्द तर विचारपीठावर उच्चारायचेच नाहीत असा संकेत आहे. वस्तुतः या देशात अंगावरचे कापड ही कधीच खाजगी बाब नव्हती. कोणी काय झाकावे आणि काय उघडे ठेवावे, हे जातिव्यवस्थेने ठरवून दिलेले होते. म्हणून हा इतिहास लिहिला पाहिजे, आणि तो आम्ही लिहिला पाहिजे.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांचा पोशाख सांगितला आहे : प्रेतावरची वस्त्रे आणि लोखंडाचे दागिने. पाहताक्षणी माणसाची जात कळावी, एवढाच या नियमाचा हेतू. लाज, अब्रू, सभ्यता यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. उलट जिथे गरज पडली तिथे याच व्यवस्थेने स्त्रीला उघडे राहण्याची सक्ती केली.

त्याचा सर्वांत ढळढळीत पुरावा एकोणिसाव्या शतकातील त्रावणकोर संस्थानात सापडतो. आजचा दक्षिण केरळ आणि तामिळनाडूचा कन्याकुमारी जिल्हा या संस्थानात होता. तिथे वरिष्ठांसमोर छाती उघडी ठेवणे ही आदर दाखविण्याची रीत होती. नायर स्त्री नंबुद्री ब्राह्मणापुढे वरचे वस्त्र दूर करी. ताडाच्या झाडांवर राबणाऱ्या नाडार जातीच्या स्त्रीला, त्या काळी या जातीला शाणार म्हणत, ते वस्त्र पांघरण्याचीच मनाई होती. म्हणजे कापड हे उतरंडीचे माप होते. ज्याची पायरी जितकी खाली, तितकी त्याच्या बाईची छाती अधिक लोकांसमोर उघडी.

ख्रिस्ती झालेल्या नाडार स्त्रियांनी ही रीत मोडली. ब्रिटिश रेसिडेंट कर्नल मन्रो यांच्या काळात, १८१३-१४ च्या सुमारास, धर्मांतरित स्त्रियांना सीरियन ख्रिस्ती बायकांप्रमाणे 'कुप्पायम' म्हणजे सैल बंडी घालण्याची परवानगी मिळाली. पण नाडार स्त्रियांना सवर्णांसारखे वरचे वस्त्र खांद्यावरून घ्यायचे होते. १८२० नंतर त्यासाठी भर बाजारात बायकांच्या अंगावरची वस्त्रे फाडली गेली, प्रार्थनाघरे व शाळा जाळल्या गेल्या. १८२९ साली संस्थानने जाहीरनामा काढला : बंडी घाला, नायर स्त्रियांसारखे वस्त्र घेऊ नका. १८५८ साली पुन्हा दंगली उसळल्या. त्या वेळी त्रावणकोरच्या दिवाणपदावर तंजावरच्या मराठी भाषिक ब्राह्मण घराण्यातले टी. माधवराव होते, हेही मराठी वाचकाने लक्षात ठेवावे. अखेर मद्रासचे गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांच्या दडपणामुळे २६ जुलै १८५९ रोजी राजाने नवा जाहीरनामा काढला.

या जाहीरनाम्याची भाषा आमच्या विद्यार्थ्यांनी बारकाईने पाहावी. नाडार स्त्रियांनी बंडी घालावी, किंवा कोळणींप्रमाणे जाडेभरडे कापड अंगाभोवती गुंडाळावे, किंवा आणखी कोणत्याही रीतीने छाती झाकावी. पण उच्च जातीच्या स्त्रियांसारखे वस्त्र घेऊ नये. म्हणजे अंग झाकण्याचा हक्क मिळाला, बरोबरीने दिसण्याचा मिळाला नाही. माझ्या मते संबंध इतिहास या एका 'पण'मध्ये आहे.

त्याच काळातले एक सवर्ण उदाहरण शेजारी ठेवून पाहा. पहिले हिंदी आय.सी.एस. अधिकारी सत्येंद्रनाथ टागोर यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनीदेवी १८६४ साली मुंबईस आल्या. बंगाली घरातली एकवस्त्रा साडी साहेबाच्या पत्नीला बाहेर चालण्यासारखी नव्हती. त्यांनी पारशी स्त्रियांची धाटणी उचलली, साडीखाली परकर आणि वर पोलके घेतले. कलकत्त्याच्या भद्रसमाजात हाच पुढे सुसंस्कृत स्त्रीचा पोशाख ठरला. नवऱ्याच्या हुद्द्यामुळे आलेल्या पोलक्याला 'सुधारणा' म्हटले गेले. पाचच वर्षांपूर्वी कष्टकरी बाईने अंगावर घेतलेल्या कापडाला मात्र 'उद्दामपणा' म्हटले गेले होते. कापड तेच. फरक बाईच्या जातीत होता.

दलित स्त्रियांचा पुढचा टप्पा त्यांच्या स्वतःच्या चळवळींनी गाठला. १९१५ साली केरळात अय्यनकाळींच्या नेतृत्वाखाली पुलया स्त्रियांनी जातीची खूण म्हणून लादलेल्या दगडी मण्यांच्या माळा तोडून टाकल्या. महाडला १९२७ च्या डिसेंबरात मनुस्मृतीचे दहन झाल्यानंतर बाबासाहेब स्त्रियांशी बोलले, तेव्हा त्यांनी लुगडे नेसण्याचा विषय काढला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. अस्पृश्यपणा ओळखू येईल अशी नेसण्याची तऱ्हा सोडा, कथलाच्या-चांदीच्या दागिन्यांचे ओझे टाका, कपडा फाटका असला तरी स्वच्छ ठेवा, असे त्यांचे सांगणे होते. बायकांनी ते तिथल्या तिथे अमलात आणले. लक्ष्मीबाई टिपणीस आणि इंदिराबाई चित्रे या कायस्थ स्त्रियांनी त्यांना लुगडे नेसण्यास मदत केली. घोट्यापर्यंत लुगडे सोडून त्या गावी परतल्या, तेव्हा त्यांनी त्रावणकोरच्या जाहीरनाम्यातला तो 'पण' आपल्यापुरता खोडून टाकला होता.

काही मैत्रिणी मला विचारतात, की पाश्चात्त्य स्त्रिया ज्या बंधनातून सुटू पाहतात ते आपण का मिरवायचे? १९६८ साली अमेरिकेत अटलांटिक सिटीला सौंदर्यस्पर्धेच्या विरोधात निदर्शने करताना स्त्रियांनी आतली वस्त्रे कचऱ्याच्या पिंपात फेकली. त्यांचे म्हणणे मला समजते. बाईचे शरीर बाजारासाठी आवळून मांडण्याला त्यांचा विरोध होता. परंतु ज्यांच्या आज्यांना छाती झाकण्यासाठी मार खावा लागला, त्यांच्या नातींनी ते वस्त्र फेकण्याचा अर्थ तोच कसा होईल? वस्त्र घालणे आणि काढणे दोन्ही बाईच्या मर्जीने व्हावे, एवढेच दोन्ही लढ्यांत समान आहे.

माझ्या आजीचे नऊवारी लुगडे आणि पुढे गाठ मारायची चोळी. आत काही नाही. काष्ट्याला परकर लागत नाही. आईच्या पिढीत गोल साडी आली आणि तिच्याबरोबर परकर आला. माझ्या पिढीत नोकरी आली आणि बॉडी, अस्तराचे पोलके, इस्त्री, टाचण्या असा सगळा सरंजाम आला. तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या पहिल्या पिढीच्या पदवीधर बाईला हा सरंजाम कसा परवडतो, याचा हिशेब कोणी मांडीत नाही. आतली वस्त्रे विरून जाईपर्यंत वापरायची, कारण ती कोणाला दिसत नाहीत, आणि दिसणाऱ्या साडीवर पैसे घालायचे, ही आमच्याकडे सर्रास चालणारी काटकसर आहे. एका महाविद्यालयात कांजी केलेली सुती साडी नेसून गेले, तर "सवलतीचा पगार अंगावर दिसतोय" असे शिक्षककक्षात ऐकविले गेले. तिथेच दुसऱ्या दिवशी साधा पंजाबी ड्रेस घातला, तेव्हा "प्राध्यापिकेसारखे राहत जा" असा सल्ला मिळाला. नीटनेटके राहिले तर माज, साधे राहिले तर गावंढळ. १८५९ चा 'पण' तो हाच.

महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये मंत्रालय व सरकारी कार्यालयांतील कर्मचाऱ्यांसाठी पोशाखाचे परिपत्रक काढले. मार्च २०२४ मध्ये शिक्षकांसाठीही काढले. त्यात शिक्षिकांनी साडी किंवा सलवार-कुर्ता-दुपट्टा घालावा, जीन्स व टी-शर्ट घालू नये, असे सांगितले. याउलट केरळच्या उच्च शिक्षण विभागाने शिक्षिकांवर साडीची सक्ती करता येणार नाही, असे २०२१ साली स्पष्ट केले. ज्या भूमीवर कापडासाठी एवढे रक्त सांडले, तिथून हा आदेश निघावा याला अर्थ आहे.

कामाच्या जागी काही शिस्त असू नये, असे मी म्हणत नाही. कारखान्यात यंत्रात अडकेल असा पदर नको, इस्पितळात स्वच्छ कपडा हवा. हे नियम कामातून येतात, आणि ते सर्वांना सारखे लागू होतात. परंतु जो नियम कामातून येत नाही, तो कोठून आला हे विचारलेच पाहिजे. यापुढे असे परिपत्रक हाती आले, की सही करण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : या कपड्याचा कामाशी संबंध काय? त्याचा खर्च कोण करणार? आणि ज्यांनी तो घालायचा त्या बायकांना, त्यांतही झाडणाऱ्या, पाणी देणाऱ्या आणि तासिकेवर शिकविणाऱ्या बायकांना, कोणी विचारले काय?

आणि विद्यार्थिनींना एक काम सांगते. आपल्या घरातील, वस्तीतील म्हाताऱ्या बायकांना विचारा : पहिले पोलके कधी शिवले, पहिला परकर कोणी घेऊन दिला, गावात तो घालून निघाल्यावर कोण काय बोलले. लाजू नका, त्यांनाही लाजू देऊ नका. सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून ठेवा. संस्थानांचे जाहीरनामे दप्तरखान्यात जपून ठेवलेले आहेत. आमच्या बायकांनी ते कसे मोडले याची नोंद मात्र अजून त्यांच्या तोंडीच आहे, आणि त्या आता फार दिवस राहणार नाहीत.